झाकणाचा ठसा

समाजमंदिरात काहीतरी फुकट आहे, एवढीच बातमी ताडकळसच्या बाजारात पसरली होती. काय आहे ते सांगणारा कुणी नव्हता, आणि फुकट म्हटल्यावर विचारायची गरजही नसते. दहा वाजल्यापासून माणसं आत यायला लागली. कुणाच्या पिशवीत मेथीच्या जुड्या, कुणाच्या हातात चपलांचा नवा जोड, एकजण तर पाय बांधलेली कोंबडी काखेत मारून आला. आत येऊन बघतात तर भिंतीला दोऱ्या, दोऱ्यांना कपड्याचे चिमटे आणि चिमट्यांना लटकलेले काळेपांढरे कागद.

"एवडंच का?" कोंबडीवाल्यानं विचारलं.

"एवडंच," संघप्रिया म्हणाली. "पर बगा तर खरं."

त्यानं बघितलं. कोंबडीनंही मान वाकडी करून बघितलं. मग तो म्हणाला, "टायरचे ठशे हायेत का हे?"

एका म्हातारीनं त्याच्यावर ताण केली. ती एका कागदापुढं बराच वेळ उभी राहिली आणि हळहळून म्हणाली, "लय खराब दिसायलंय बाई फुप्पुस. कुणाचा एक्सरा हाय?"

संघप्रियाला हसू आवरेना. गावात आपले कागद कुणाला कळतील असं तिला वाटलंच नव्हतं, पण इतकं आजारी पडतील असंही वाटलं नव्हतं.

ती तात्याराव मिस्त्रींची एकुलती लेक. संभाजीनगरला चित्रकलेच्या कॉलेजात पाच वर्षं काढून ती ठसेचित्रं करायला शिकली होती. काम सांगायला सोपं. पत्र्याच्या, लोखंडाच्या तुकड्यावर रुळानं शाई फिरवायची, वर ओला कागद टाकायचा आणि दोन जड रुळांमधून दाबून काढायचा. जे उंच असतं ते काळं उठतं, जे खोल असतं ते पांढरं राहतं. तिच्या वर्गातल्या पोरींनी मोर छापले, डोक्यावर घागर घेतलेल्या बायका छापल्या. संघप्रिया वडिलांच्या शेडमध्ये, ग्रीसच्या वासात वाढलेली. तिनं मशीनचे दाते छापले, साखळ्या छापल्या, चाळण्या छापल्या, आणि त्याही अशा की मशीन ओळखू येऊ नये, नुसत्या रेघा, गोल आणि गंजाचे डाग दिसावेत. कॉलेजातले सर त्याला अमूर्त म्हणायचे. तिची आई सरजाबाई त्याला "तुजे काळे कागद" म्हणायची.

छापायचा प्रेस तात्यारावांनीच घरी करून दिला होता. बंद पडलेल्या रसवंतीच्या चरकाची दातेरी चाकं, जाड नळाचे दोन रूळ, आणि फिरवायला भंगारातल्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग. महिनाभर ते त्या प्रेसमागं खपले. झाल्यावर स्वतःच्या डोक्याचा एक केस रुळाखाली ठेवून त्यांनी छापून दाखवला. "बग, केस बी उठला," ते म्हणाले होते, आणि तिनं त्यांना इतकं खूश क्वचितच पाहिलं होतं.

प्रदर्शन शहरात भरव, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. तिचाच हट्ट की आधी ताडकळसात, आणि तेही बाजाराच्या दिवशी. ज्यांच्या मशीनचे हे तुकडे, त्यांनी ते आधी बघावेत. तात्याराव दसऱ्यापासून गंगाखेडला साखर कारखान्यात हंगामाच्या कामावर होते, त्यामुळे दिवाळीनंतरचे ठसे त्यांनी पाहिलेच नव्हते. आज सकाळच्या एसटीनं ते यायचे होते.

पुढच्या खुर्च्यांवर सरजाबाई बसली होती आणि तिच्या शेजारी कडूबाई.

कडूबाई त्यांच्याच गल्लीतली. तिचा उजवा हात कोपराखाली नाही. त्याचा राहिलेला अर्धा भाग ती कायम पदराखाली ठेवते. बारा वर्षांपूर्वी माणिकरावांच्या शेतात सोयाबीनची रास चालू असताना तो मळणीयंत्रात गेला. कसा गेला, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. सकाळी तात्याराव मिस्त्रींनी मशीनच्या तोंडावर झाकण चार बोल्ट आवळून बसवून दिलं होतं. झाकण असलं की पेंढी जपून, हळूहळू सारावी लागते. बायांना घरी जायची घाई. टोळीची मुकादमीण कडूबाई, तिनं झाकण काढून फेकलं आणि दुपारी हात आत गेला. पंचनाम्याला झाकण मशीनशेजारी पडलेलं सापडलं. मालक माणिकराव तसंच म्हणाले आणि मिस्त्रीही तसंच म्हणाले. बाईची स्वतःचीच चूक ठरली, आणि तिला कुणाकडूनच कसली मदत मिळाली नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर ते गाव कसलं? गावानं तिचं नाव 'झाकणकाढी' ठेवलं. नंतर तिला कुठल्या टोळीत कुणी घेतलं नाही. पोर धावत रस्ता ओलांडायला लागलं की आया ओरडायच्या, "कडूबाईवाणी घाई करू नको!" शाळेत असताना संघप्रियाही मैत्रिणींना हेच म्हणायची आणि म्हणताना तिला त्यात काही वाईटही वाटायचं नाही.

कडूबाईला सुरुवातीला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. पण दवाखान्यात, गल्लीत, विहिरीवर जो तो तेच सांगायला लागला, तेव्हा हळूहळू तिलाही आठवायला लागलं. कुणी विषय काढलाच तर ती आपणहून सांगायची, "मीच काढलं बाई. घाई नडली मला."

आणि तात्याराव? गावानं तिला टाकलं तरी त्यांनी टाकलं नाही. तिच्या घरावरचे पत्रे त्यांनी बदलले. एका हातानं भाजी चिरता यावी म्हणून तिच्या विळीला एक पकड बसवून दिली, ती बघायला शेजारच्या बाया यायच्या. सणाला पहिलं ताट कडूबाईकडं गेल्याशिवाय घरात कुणी जेवायला बसायचं नाही. ही बाई ना नात्याची ना गोत्याची, तरी माझे बाबा तिच्यासाठी एवढं करतात, याचा संघप्रियाला फार अभिमान होता. कॉलेजात तिनं ही गोष्ट कितीतरी जणांना सांगितली होती.

अकराच्या सुमाराला बजरंग आला आणि समाजमंदिरात एकदम जान आली. बजरंग चुडाव्याचा मिस्त्री. पहिली दोन वर्षं तात्यारावांच्या हाताखाली शिकला, मग चुडाव्याला स्टेशनजवळ त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. मळणीयंत्राच्या कामात आता तात्यारावांच्या खालोखाल त्याचंच नाव. बाजारात मशीनचा पट्टा घ्यायला आला होता, तो पट्टा खांद्यावर टाकूनच आत शिरला. पहिल्याच कागदापुढं थबकून म्हणाला, "आरं, ही तर साखळीची चकती! चालवणारा आळशी होता बगा. तेलच घालत न्हवता."

संघप्रिया धावतच त्याच्याजवळ गेली. "कसं काय कळलं, बजरंगभाऊ?"

"कसं म्हंजी? दिसायलंय की. दाते बग, एकाच बाजूनं खाल्लेत."

तो पुढच्या कागदाकडं सरकला. "ही चाळणी. आधी हिच्यावर मूग काढलाय, मग सोयाबीनसाठी भोकं वाढवून घेतलीत." त्याच्या पुढच्याला म्हणाला, "हे पुलीचं तोंड. ह्या बोल्टाभवती बगा, कसं गोल गोल खरवडलंय. बोल्टाखाली वायसर आसतो, चकती. मशीन थरथरलं की वायसर खालचा रंग खातो. अर्धा घंटा मशीन चाललं तरी त्याची खूण ऱ्हाती, मग जल्मात जात न्हाई."

बघता बघता त्याच्यामागं तीसचाळीस माणसं जमली. इतका वेळ दाराकडं बघणारे आता मान उंचावून कागदाकडं बघायला लागले. मघाची म्हातारी पुढं घुसली. "आन हे फुप्पुस रं?"

"आजी, ते इंजनाचं गॅस्केट हाय."

"मग वाचल का?"

"कवाच मेलंय ते," बजरंग म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

संघप्रियाला भरून आलं. पाच वर्षं तिच्या चित्रांपुढं उभं राहून लोक लय, तोल, अवकाश असं काय काय बोलले होते. तिच्या एकेका डागामागं एकेका मशीनचं अख्खं आयुष्य आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. तिनं लहान पोरीसारखा बजरंगचा हात धरला आणि त्याला सगळ्यांत मोठ्या कागदापुढं नेलं.

"आता हे सांगा, भाऊ. सगळ्यांना सांगा."

तो कागद तिचा सगळ्यात लाडका. तिनं त्याला 'चार चंद्र' असं नाव दिलं होतं. दिवाळीत शेडच्या माळ्यावर तुकडे शोधताना तिला पोत्यात गुंडाळलेला, तारेनं घट्ट बांधलेला एक सपाट पत्रा सापडला होता. पत्रा कुठला, असा का बांधला, हे तिनं कुणाला विचारलं नाही. मिस्त्रीच्या घरात कुठलाच पत्रा फेकत नाहीत. रॉकेलनं धुतल्यावर त्याच्यावर गंजाचे फोड दिसले, पोचे दिसले, ओरखडे दिसले. फक्त चार कोपऱ्यांजवळच्या चार भोकांभोवती रंग जसाच्या तसा होता, गुळगुळीत. ठशात ते फार सुंदर उठलं: सगळीकडं करडी खरखर आणि तिच्यात रंग टिकला तिथं गच्च काळं आभाळ, त्यात भोकांचे चार पांढरेशुभ्र गोल. सरांनी बराच वेळ बघून सांगितलं होतं की या चार गोलांनी अख्खं चित्र धरून ठेवलंय.

तेवढ्यात तात्याराव आले. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात कागदी कपांची चळत. "जय भीम, जय भीम" करत, लेकीच्या कार्यक्रमाला एवढी गर्दी बघून हसत हसत ते आत शिरले. मग त्यांची नजर माणसांच्या डोक्यांवरून त्या मोठ्या कागदावर गेली. संघप्रिया त्यांच्याकडंच बघत होती. बाबांना आवडलं, असं तिला वाटलं.

"बजरंगा, आधी च्या घे," तात्याराव म्हणाले.

"घेतो मामा. एवडं सांगतो."

"गार व्हायलाय."

"होऊ द्या की."

"आरं, ऱ्हाऊ दे म्हनलं न्हवं ते!"

आवाज इतका चढला की दोनचार माणसांनी मागं वळून बघितलं. संघप्रियाला नवल वाटलं. बजरंग मात्र रंगात आला होता. तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि कागदाला नाक लावल्यासारखा बघायला लागला.

"हे झाकण हाय," तो म्हणाला. "मळणीयंत्राच्या तोंडावरचं. आन एक गंमत हाय ह्याच्यात. ह्याला कदी बोल्टच बसला न्हाई."

"म्हंजी काय?" कोंबडीवाल्यानं विचारलं.

"ही चार भोकं बोल्टाची. मगाशी पुली बगितली न्हवं? वायसरनं कसं खाल्लं होतं? हितं काय हाय का तसं? कंपनीतून रंग लावून आलं तसंच हाय. हे झाकण मशीनवर चढलंच न्हाई कदी. ज्याचं कुणाचं मशीन आसल, त्यानं ते उघड्या तोंडानंच चालवलंय."

"मग नवंकोरंच म्हणा की!"

"नवंकोरं! आन कुणाचं ते बी सांगतो," बजरंग म्हणाला आणि त्यानं खालच्या कोपऱ्याशी बोट नेलं. "हा कोपरा बगा. पट्टा घासू नये म्हणून हातानं कापलाय. असा गोल काप आपल्या भागात एकच माणूस मारतो, आमचे तात्यामामा. मला त्यांनीच शिकवलाय. आन ताडकळसात आसं झाकण लागणारं मशीन एकच होतं, माणिकरावाचं निळं..."

तो थांबला. वाक्य त्याच्या तोंडातून निघून गेलं होतं आणि आता ते परत गिळता येत नव्हतं.

आधी बजरंगला कळलं, मग त्याच्या शेजारच्याला, मग त्याच्या मागच्याला. एकेकाची मान आपोआप पुढच्या खुर्चीकडं वळायला लागली. कोंबडी तेवढी फडफडली.

तिनं वडिलांकडं बघितलं. किटली त्यांच्या हातात तिरपी झाली होती आणि तोटीतून चहाची धार त्यांच्या पायावर पडत होती. चहा चांगला उकळता होता, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. पोत्यात गुंडाळलेला, तारेनं बांधलेला पत्रा तिला आठवला. कडूबाईच्या घरावरचे पत्रे आठवले, विळीची ती पकड, सणाचं पहिलं ताट. खाई त्याला खवखवे, ही म्हण तिनं आयुष्यात शंभरदा ऐकली होती. आपल्या घरातला माणूस बारा वर्षं खवखवत होता आणि आपण त्याला चांगुलपणा म्हणत होतो.

कडूबाई उठून उभी राहिली. तिचा चेहरा रागाचा नव्हता, गोंधळलेला होता.

"पोरी," तिनं विचारलं, "हे झाकण तुला कुठं गवसलं?"

सगळी माणसं संघप्रियाकडं बघायला लागली. तात्यारावही बघायला लागले. बापाच्या डोळ्यांत अशी भीक तिनं कधी पाहिली नव्हती.

"परभणीच्या भंगारातून आणलं, मावशी," ती म्हणाली.

जीभ अडखळली नाही, आवाज कापला नाही. खोटं इतक्या सहज तोंडातून आलं की क्षणभर तिला ते कुणी दुसरंच बोललं असं वाटलं. मग कळलं की आपणच बोललो, आणि ती हादरून गेली. बजरंगनं लगेच ते उचललं. "हां हां, तसंच आसल. झाकणं काय, लय सारकी दिसत्यात. माझीच चूक झाली." माणसांनी सुस्कारे सोडले. कुणी पिशवी उचलली, कुणी चहाचा कप शोधायला लागलं. सगळ्यांनाच ते तिथल्या तिथं मिटायला हवं होतं.

कडूबाईनं मान हलवली. "तसंच आसल माय," ती म्हणाली. "त्या मशीनचं झाकण तर मीच काढलं होतं. घाई नडली मला." आणि ती पदर सारखा करून परत खुर्चीत बसली.

तात्यारावांनी किटली खाली ठेवली.

"कडूबाई," ते म्हणाले. "पोरगी खोटं बोलायलीय."

"बाबा!" संघप्रिया ओरडली.

"खोटं बोलायलीय ती. माज्यापायी." त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. "झाकण माज्या माळ्यावर होतं. त्या दिवशी मी कोपरा कापला, बसवायला उचललं, तर मालक म्हणले, आभाळ आलंय, झाकणानं माल हळू जातो, रास उरकू दे आन मग बसव. मी बसवलं न्हाई. ट्रॉलीत ठिवून दिलं. तुमचा हात गेला, समदे तुमाला घिऊन पळाले. तवा ट्रॉलीतून काढून मशीनजवळ मीच टाकलं. पंचनामा झाल्यावर मीच उचलून घरी नेलं, पोत्यात बांदून ठिवलं. मला वाटलं, मिस्त्रीलाच धरतेल. लेकरू ल्हान होतं माजं."

सरजाबाई जागची हलली नाही. "बारा वर्सं," ती नवऱ्याला म्हणाली, "बारा वर्सं माज्या हातानं ताट धाडायलेत तुमी."

कडूबाई तात्यारावांकडं बघतच नव्हती. ती समोरच्या कागदाकडं बघत होती.

"म्हंजी मी न्हाई काढलं?"

"न्हाई."

"मी न्हाई काढलं," तिनं शेजारच्या बायांना सांगितलं. मग परत, मोठ्यानं, "मी न्हाई काढलं गं!" तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाही कळत नसावं. तिनं पदर मागं टाकला आणि तो अर्धा हात सगळ्यांसमोर वर केला. संघप्रियानं तो असा उघडा कधीच पाहिला नव्हता. "आरं, मला तर झाकण काढल्यालं आठवतं! पाना बी आठवतो हातात धरल्याला, ह्याच हातात! आवं, मला पाना कसा फिरवत्यात ते म्हाईत न्हाई. मग मला हे कुणी आठवायला लावलं?"

मघाची म्हातारी मटकन खाली बसली. बजरंगनं खांद्यावरचा पट्टा काढून हातात घेतला आणि तो पिळत उभा राहिला. इतकी माणसं, आणि त्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी पोराला म्हटलं होतं, कडूबाईवाणी घाई करू नको. शरमेनं संघप्रियाचं अंग जळत होतं. आज उलगडलेला हा ठसा गेल्या दिवाळीपासून तिच्या हाताखाली होता. ती त्याला चंद्र म्हणत होती.

"तो कागद काढ," कडूबाई तिला म्हणाली.

संघप्रियानं चिमटे काढले. कडूबाईनं डाव्या हातानं कागदाचा एक कोपरा धरला. कागद मोठा, चांगला दोन हात लांब. एका बाजूनं धरला की दुसरी बाजू खाली लोंबायची आणि आपल्याच भारानं दुमडायची. संघप्रिया दुसरं टोक धरायला पुढं झाली.

"तू नको," कडूबाई म्हणाली. ती पहिल्यांदाच तात्यारावांकडं वळली. "तात्याभाऊ, तुमी धरा तिकडून."

तात्याराव आले. भाजलेला पाय ओढत आले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. कागद दोघांमध्ये ताठ झाला.

"चला. बजरंगा, तू बी चल. वायसरचं सांगायला."

दोघं तो कागद धरून समाजमंदिराच्या पायऱ्या उतरले आणि थेट बाजारात शिरले. मागं बजरंग, त्याच्यामागं सरजाबाई, मग सगळी माणसं. संघप्रिया कडूबाईला गाठायला धावली.

"मावशी, मी खोटं बोलले."

"ऐकलं मी," कडूबाई म्हणाली. "चल."

ती आधी कांद्यावाल्याच्या पालाशी थांबली, मग बांगड्यांच्या गाडीशी, मग पिठाच्या गिरणीशी, जिथं बाया रांगेत उभ्या होत्या. प्रत्येक ठिकाणी बजरंगनं चार भोकं दाखवली आणि वायसरचं सांगितलं. प्रत्येक ठिकाणी तात्याराव म्हणाले, "मी बसवलंच न्हवतं." पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला नाही. कडूबाईनं परत म्हणायला लावलं. गिरणीपाशी ते न विचारताच बोलले. गिरणीवाल्यानं मशीन बंद केलं. रांगेतल्या एका बाईच्या हातातून डबा पडला आणि ज्वारी रस्त्यावर सांडली, ती तिनं उचललीही नाही.

माणिकरावांचं खताचं दुकान बसस्टँडसमोर आहे. ते बाहेरच खुर्ची टाकून न्हाव्याकडून दाढी करून घेत होते. अर्ध्या गालाला फेस होता. लांबून गर्दी येताना दिसली तरी ते उठले नाहीत, आणि गर्दीच्या पुढं कडूबाई दिसल्यावर त्यांना हसू आलं.

"काय गं झाकणकाढे," त्यांनी विचारलं, "काय विकायला आणलंस?"

कडूबाईनं कागद त्यांच्या तोंडासमोर धरला. माणिकरावांनी बघितलं. काळं, करडं, चार पांढरे गोल. त्यांना काहीच कळलं नाही. मग कागदाचं दुसरं टोक कुणी धरलंय ते त्यांनी बघितलं, न्हाव्याचा हात बाजूला सारला आणि फेसासकट खुर्चीतून उठले.

"सांग रं बजरंगा," कडूबाई म्हणाली.